अकरा नंबरचा बावटा

दिवाळीच्या आगेमागे पेपरात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी हमखास असते. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय, पालघर-डहाणूकडे दोन दिवस ढगाळ हवा आणि तुरळक पाऊस, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: बंदरात तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे. मुंबई-पुण्यात राहणारे आपण ती बातमी वाचतो (किंवा वाचत नाही), 'म्हणजे उद्या छत्री घ्यायची का?' एवढाच प्रश्न स्वतःला विचारतो आणि क्रिकेटच्या पानावर जातो.

मला मात्र त्या 'तीन'ने बरेच दिवस छळलं. तीनच का? एक आणि दोन नंबरचे बावटे कधी ऐकू का येत नाहीत? आणि ही यादी संपते कुठे? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कुठेही नंबर दिसला की वाटतं, ह्यामागे एक यादी असणार, कोणीतरी बसून ती बनवली असणार, आणि तिच्यात शेवटी एखादी मजेदार एन्ट्री असणार. ह्या यादीत ती आहे. तिचा नंबर अकरा. पावसाळ्यानंतर आपल्या किनाऱ्यावर आलेल्या वादळांचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर तो बराचसा ह्या अकरा नंबरचाच इतिहास निघतो. ते कसं, ते सांगतो. पण आधी थोडं हवेबद्दल.

शरद ऋतूतली भानगड

पाऊस 'गेला' म्हटलं की आपण मोकळे. हवामान खात्याने २०२० साली मान्सूनच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. त्यानंतर ऑक्टोबर हीट, आणि मग पहाटेचा मतलई वारा अंगाला गार लागायला लागला की थंडी आली. शाळेच्या पुस्तकात क्रम असा सरळ आहे.

अडचण अशी की ह्याच दिवसांत आपल्या डोक्यावर दोन वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येऊन आदळतो.

पहिला कारखाना दक्षिणेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्र अजून तापलेलाच असतो. लक्षद्वीपच्या आसपास कमी दाब तयार होतो, कधीकधी त्याचं वादळ होतं. अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर.

दुसरा कारखाना पार वायव्येला. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तानमार्गे काश्मीर-पंजाबपर्यंत येतात. त्यांच्या पाठोपाठ थंड, कोरडी हवा खाली उतरते. युरोप-अमेरिकेत टीव्हीवरच्या नकाशात निळी दातेरी रेघ दाखवतात ना, 'कोल्ड फ्रंट' म्हणून, ती ह्याच जातीची. हा 'फ्रंट' शब्द खरं तर लष्करी. नॉर्वेतल्या बर्गेन गावात याकोब ब्यर्कनेस आणि मंडळींनी १९१९ च्या सुमारास ही कल्पना मांडली. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, सगळ्यांच्या डोक्यात आघाड्या आणि खंदक. तेव्हा थंड हवा आणि उबदार हवा समोरासमोर भिडतात त्या रेषेलाही आघाडीच म्हणायचं ठरलं. ते नाव टिकलं.

ही थंड आघाडी अख्खीच्या अख्खी पालघरपर्यंत येत नाही. पालघर वीस अंश अक्षांशाच्या जरासं खाली, आघाडीचं राज्य त्याच्या बरंच उत्तरेला. आपल्यापर्यंत पोचतो तो तिचा शेपटीचा फटका: वारा उत्तरेकडे फिरतो, हवा कोरडी होते, रात्रीचा पारा उतरतो. कधीतरी हा फटका डोळ्यांनी दिसतोही. २३ जानेवारी २०२२ ला मुंबई-पालघरवर सगळीकडे भुरकट धूळ पसरली होती, आठवतंय? गाड्यांच्या काचांवर पांढरट थर बसला होता. ती धूळ एका पश्चिमी झंझावातामागच्या वाऱ्यांनी पाकिस्तानातून समुद्रावरून आणलेली होती.

एरवी ही शेपटी वरच्या हवेत असते आणि खालून दिसत नाही. पण ती दोन कामं करते. दक्षिणेकडून बाष्प आलेलं असेल तर त्याच्याशी जुळून अवकाळी पाऊस पाडते. आणि दक्षिणेकडून वादळ येत असेल तर त्याची वाट फिरवते किंवा त्याचं डोकं उडवते. म्हणजे तीच गोष्ट एकदा नुकसान करते आणि एकदा वाचवते. ह्या दिवसांतला अंदाज अवघड असतो, तो ह्यामुळे.

कोणाचं काय जातं

बोईसरहून तारापूरकडे निघालं की एमआयडीसीच्या पलीकडे पाम, टेंभी, कुंभवली अशी गावं लागतात. किनाऱ्याला नवापूर, आलेवाडी, दांडी, मुरबे, सातपाटी. केमिकलचे कारखाने, देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र (१९६९ पासून चालू), भातखाचरं आणि कोळीवाडे, सगळं काही किलोमीटरच्या पट्ट्यात. वर आभाळ एकच, पण त्यातला अवेळी पाऊस प्रत्येकाला वेगळा लागतो.

शिफ्टला जाणाऱ्याची चप्पल भिजते, बास. भातवाल्याचं तसं नाही. हळवं भात दसऱ्याच्या सुमाराला कापायला येतं, गरवं दिवाळीच्या पुढे. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच वाळत पडलेलं असतं. त्यावर एक रात्र पाऊस झाला की दाणा काळा पडतो, लोंब्यांना कोंब फुटतात आणि पेंढाही कुजतो. किनाऱ्यावर बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबू आणि दोऱ्यांच्या मांडणीवर, वाळत टांगलेले असतात. त्यांना कडक ऊन आणि कोरडा वारा लागतो. अर्धवट वाळलेला बोंबील भिजला तर खाण्याच्या कामाचा राहत नाही, खताच्या भावाने जातो. वाडा-विक्रमगडकडे दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. तिथली आदिवासी कुटुंबं हजार विटांमागे इतके रुपये अशा हिशोबाने राबतात. कच्ची वीट पावसात विरघळली की केलेलं कामही विरघळलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जो माणूस त्या क्षणी किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर बोटीत आहे, त्याचं काय जातं हे सांगायला नको. बावटा मुळात त्याच्यासाठी.

बावट्याचा जन्म

गोष्ट सुरू होते कलकत्त्यात. 'सायक्लोन' हा शब्दसुद्धा तिथलाच. हेन्री पिडिंग्टन नावाच्या गृहस्थाने १८४८ मध्ये तो रूढ केला, वेटोळं घातलेल्या सापासाठीच्या ग्रीक शब्दावरून. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर जे वादळ आलं त्यात साठ हजारांच्या आसपास माणसं गेली. (हेही शरदातलंच, बघा.) बंदरातली जहाजं गवताच्या काडीसारखी फेकली गेली. सरकार हललं, आणि १८६५ मध्ये कलकत्ता बंदरात वादळाची सूचना देण्याची पद्धत सुरू झाली. भारतातली ही पहिली. वादळ आणि त्यापाठोपाठचे १८६६ आणि १८७१ मधले दुष्काळी मान्सून, ह्या दोन्ही धक्क्यांतून १८७५ मध्ये हवामान खातं जन्माला आलं. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख.

आपल्या पश्चिम किनाऱ्याला हे सगळं यायला १८८० उजाडलं. त्या साली इकडच्या बंदरांसाठी सूचनेची योजना आली. १८८६ पर्यंत देशातली सगळी बंदरं त्यात आली. पण प्रत्येक ठिकाणची खूण वेगळी! एका बंदरातल्या खुणेचा अर्थ दुसऱ्या बंदरात लागेलच असं नाही. आजच्या भाषेत, एपीआय प्रत्येक सर्व्हरवर वेगळा. शेवटी १ एप्रिल १८९८ पासून सगळीकडे एकच पद्धत लागू झाली.

बावटा म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर फडफडणारा झेंडा येतो. प्रत्यक्षात दिवसा खांबावर मोठ्या आकृत्या चढवतात, शंकू, दंडगोल वगैरे, आणि रात्री लाल-पांढऱ्या दिव्यांची ठरलेली मांडणी. झेंडा वाऱ्यात गुंडाळला जातो आणि लांबून रंग ओळखू येत नाही. शंकूचा आकार मात्र मैलावरून कळतो, आणि वाचता येणं-न येणं ह्याचा प्रश्नच येत नाही. साधं, भक्कम काम.

वैतरणा नावाची बोट

आता मधल्या एका तारखेकडे येऊ. १८८६ मध्ये सगळ्या बंदरांत सूचना पोचायला लागल्या होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८८८ ला, कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला यायला एक आगबोट निघाली. दिवाळी होऊन चार-पाच दिवस झालेले. बोटीचं नाव 'वैतरणा'. हो, आपल्या पालघर जिल्ह्यातून समुद्राला मिळते त्याच नदीचं. पण ह्या नावाने तिला कोणी हाक मारत नसे. तिच्यावर विजेचे दिवे होते, त्या काळी ते अप्रूप, म्हणून गुजरातेत ती 'वीजळी' म्हणूनच ओळखली जाई. मालक मुंबईची शेफर्ड कंपनी. बोट तीनच वर्षं जुनी.

द्वारकेला थांबून ती पुढे निघाली. हवा बिघडलेली असल्याने पोरबंदरला न थांबता थेट मुंबईकडे वळली. संध्याकाळी मांगरोळच्या समुद्रात ती दिसली, ती शेवटची. सातशेहून जास्त माणसं होती. बोट नाही, फळी नाही, काही म्हणजे काही सापडलं नाही. पुढे मुंबई सरकारने चौकशी केली, आणि जीव वाचवायची साधनं बोटीवर पुरेशी नव्हती हे बाहेर आलं. गुजरातीत ह्या बोटीवर गाणी रचली गेली आणि कप्तान कासम दंतकथेत गेला. पोरबंदरच्या अधिकाऱ्याने 'पुढे जाऊ नकोस' असं बजावलं होतं आणि कप्तानाने ऐकलं नाही, अशीही कथा आहे, पण नंतरच्या अभ्यासकांना तिला आधार सापडला नाही.

ही कथा का जन्मली असावी, हे मात्र समजू शकतं. 'सांगितलं होतं, ऐकलं नाही' ह्यात एक समाधान असतं. दोषी माणूस सापडतो. खरी परिस्थिती जास्त भयानक होती. तारयंत्र किनाऱ्यापर्यंत होतं, बंदरात खूण होती, पण एकदा बोट बंदराबाहेर पडली की तिला काही सांगायचा मार्गच जगात नव्हता. वायरलेस यायला अजून आठ-दहा वर्षं होती. बोटीवर विजेचे दिवे होते, पण निरोप पोचवण्यासाठी त्या विजेचा काहीच उपयोग नव्हता.

एक ते अकरा

आता ती यादी. आज आपल्या बंदरांत जी चालते तीत अकरा खुणा आहेत.

एक आणि दोन 'दूरच्या' आहेत. एक म्हणजे लांब समुद्रात हवा बिघडली आहे, वादळ बनू शकतं. दोन म्हणजे लांबवर वादळ बनलं आहे. दोन्हींत बंदराला लगेच धोका नाही, पण बाहेर पडणारं जहाज त्यात सापडू शकतं. तीन आणि चार 'इथल्या' आहेत. तीन म्हणजे ह्याच बंदरावर जोराचे, सोसाट्याचे वारे येऊ शकतात. चार म्हणजे वादळाचा धोका आहे, पण अजून टोकाची तयारी करण्याइतका नाही. पाच, सहा, सात हे धोक्याचे: वादळ बंदराला डाव्या हाताला ठेवून जाणार की उजव्या, की थेट बंदरावरून, त्याप्रमाणे नंबर. आठ, नऊ, दहा हेच, फक्त वादळ तीव्र असेल तेव्हाचे.

इथपर्यंत कोणीही केलं असतं. पण मग अकरा. अकरा म्हणजे: हवामान केंद्राशी आमचा संपर्क तुटला आहे आणि इथल्या अधिकाऱ्याच्या मते हवा बिघडण्याचा धोका आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांना कळेल. रात्रभर एकही अलर्ट आला नाही, तर दोन शक्यता असतात. सगळं सुरळीत आहे, किंवा अलर्ट पाठवणारं मशीनच मेलंय. ह्या दोन शांततांमधला फरक कळावा म्हणून आपण 'हार्टबीट' ठेवतो, टाईमआऊट ठेवतो. निरोप नाही म्हणजे वाईट बातमी, असं धरून चालायचं. बंदराच्या मंडळींनी ही गोष्ट यादीत घालून ठेवली, आणि तिला सगळ्यात वरचा नंबर दिला. दहा नंबर म्हणजे महाभयंकर वादळ. त्याच्या वर काय? तर काहीच कळत नाही, हे!

आणि एक-दोन नंबर ऐकू का येत नाहीत, त्याचंही उत्तर मिळालं. लहान बोटींची ये-जा असलेल्या छोट्या बंदरांसाठी ह्याच यादीची आटोपशीर आवृत्ती आहे. तीत पाचच खुणा: तीन, चार, सात, दहा आणि अकरा. एक-दोन गाळल्या आहेत. का, तर माझ्या मते हिशोब असा असावा की छोट्या बोटी किनाऱ्याजवळच फिरणार, त्यांना लांबच्या वादळाचं काय? शिडाच्या होडीच्या काळात हे बरोबरही असेल. आता सातपाटीची इंजिनाची बोट पापलेटच्या मागे कित्येक दिवस खोल समुद्रात असते. म्हणजे तिच्यासाठी लावलेला तीन नंबरचा बावटा तिला दिसणारच नाही, आणि जो दोन नंबरचा तिला कामाचा, तो छोट्या बंदराच्या यादीतच नाही. कोड जुना, वापर नवा. आपल्याकडे ह्याला 'लेगसी' म्हणतात आणि कोणी हात लावत नाही.

निरोप कुठपर्यंत पोचला

मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्याला नोव्हेंबरची वादळं नवी नाहीत. १८५४ च्या नोव्हेंबरात मुंबईवर मोठं वादळ आलं होतं, तेव्हा तर हवामान खातंही नव्हतं. पुढचं मोठं म्हणजे २१-२२ नोव्हेंबर १९४८ चं. तोपर्यंत बरंच काही झालं होतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं (शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या दगडी इमारतीला आपण अजून 'सिमला ऑफिस' म्हणतो, ते ह्यामुळे) आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं. आकाशवाणी होती. शेतकऱ्यांसाठी रेडिओवर हवामानाची बातमी १९४५ पासून सुरू झाली होती. जहाजांवर वायरलेस होता.

पण वादळ कुठे आहे हे कळायचं कसं? त्या बाजूला असलेल्या जहाजाने हवेचा दाब आणि वारा मोजून कळवला तर. ह्यातली मेख बघा. वादळाच्या पोटातल्या जहाजाकडून सगळ्यात मोलाची माहिती मिळणार, आणि शहाणा कप्तान त्या पोटात जाणार नाही. अंदाज जितका चांगला, तितकी जहाजं वादळापासून लांब, तितकी माहिती कमी! ही कोंडी फुटली ती उपग्रहांनी. १ एप्रिल १९६० ला अमेरिकेचा टायरॉस-१ वर गेला. आपला इन्सॅट-१बी १९८३ मध्ये. आता वादळ लपून राहणं शक्य नाही. २००४ पासून तर आपल्या समुद्रातल्या वादळांचं बारसंही होतं.

म्हणजे 'कळण्याचा' प्रश्न जवळजवळ सुटला. 'कळवण्याचा' राहिला.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बोटी समुद्रात होत्या. उपग्रहावरून वादळ दिसत होतं, पण समुद्रातल्या कित्येक बोटींपर्यंत निरोप पोचला नाही, आणि त्यातले अनेक खलाशी परत आले नाहीत.

आणि मग ओखी. २०१७ च्या नोव्हेंबरचे शेवटचे दोन दिवस. कन्याकुमारीच्या दक्षिणेला ओखी इतक्या झपाट्याने वादळ बनलं की इशारा निघेपर्यंत केरळ-तामिळनाडूच्या शेकडो बोटी केव्हाच खोल समुद्रात गेल्या होत्या. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून काही किलोमीटर. बोटीवरचा व्हीएचएफ सेट त्याहून जास्त, पण तोही वीस-पंचवीस सागरी मैलांच्या पलीकडे कुचकामी. ह्या बोटी त्याच्या कितीतरी पलीकडे. शेकडो माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. १८८८ आणि २०१७ मध्ये एकशे एकोणतीस वर्षांचं अंतर, मधे वायरलेस, उपग्रह, मोबाईल, इंटरनेट सगळं होऊन गेलेलं, आणि तरी बोटीवरच्या माणसाच्या बाजूने बघितलं तर परिस्थिती तीच. बाहेर पडल्यावर सांगायला कोणी नाही.

वाचलेल्या साठेक बोटी भरकटत, वारा नेईल तशा थेट सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. वादळ त्यांच्यामागोमाग उत्तरेला निघालं, आणि आता निशाणा होता दक्षिण गुजरात आणि आपला पालघरचा किनारा. ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, रायगड, पालघरच्या शाळांना सुट्टी दिली गेली. आणि इथे ती थंड आघाडीची शेपटी कामाला आली. वरच्या हवेतल्या पश्चिमी वाऱ्यांच्या द्रोणीने ओखीला ईशान्येकडे वळवलं खरं, पण त्याच वाऱ्यांनी वादळाचा वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे असा खेचला. त्यात इकडचं पाणीही थंड. किनाऱ्याला येईपर्यंत ओखीत दम उरला नाही. पाऊस पडला, समुद्राने मुंबईचा कचरा मुंबईला परत केला, आणि प्रकरण मिटलं. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही वादळं एकापाठोपाठ एक आली, तेव्हाही 'महा' गुजरातकडे वळून असंच मरगळलं. दोन्ही वेळा बऱ्याच जणांचा सूर होता, 'उगाच घाबरवलं.' उगाच नव्हतं. दक्षिणेचा आणि उत्तरेचा माल वेळेवर भिडला, एवढंच. ती द्रोणी दोन दिवस उशिरा आली असती तर?

आणि तीच द्रोणी वादळ नसताना आली तर काय होतं, ते १ डिसेंबर २०२१ ला दिसलं. दक्षिणेचं बाष्प, उत्तरेची थंड हवा, आणि मुंबई-पालघरपासून नाशिक-पुण्यापर्यंत भर डिसेंबरात दिवसभर पाऊस. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेरकडे उघड्यावर बसलेल्या हजारो मेंढ्या एका रात्रीत गारठून मेल्या. मेंढपाळाला कुठला बावटा दिसणार? वीटभट्टीवाल्याला? आता हवामान खातं जिल्हावार पिवळा, केशरी, लाल असे इशारे देतं, मोबाईलवर येतात. ते ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, रेंज आहे आणि रात्री आडोसा करायला ताडपत्री आहे, त्याच्या उपयोगाचे.

पालघर, ३० ऑगस्ट २०२४

ही तारीख आपल्याला लक्षात आहे ती वाढवण बंदराच्या पायाभरणीमुळे. त्या बंदराला इथल्या मच्छीमारांचा विरोध होता आणि आहे, त्यावर खूप लिहिलं-बोललं गेलंय. त्याच दिवशी पालघरच्या त्याच कार्यक्रमात आणखी एक गोष्ट सुरू झाली, ती मात्र बातम्यांत मागे पडली. देशभरातल्या एक लाख मच्छीमार बोटींवर इस्रोने बनवलेले ट्रान्सपाँडर बसवायची योजना. तेरा किनारी राज्यं-प्रदेश, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. हा डबा उपग्रहाशी बोलतो, त्यामुळे मोबाईल आणि व्हीएचएफच्या पलीकडे चालतो. आणि तो दोन्हीकडून बोलतो: किनाऱ्यावरून वादळाचा निरोप बोटीला जातो, आणि बोटीवरून 'वाचवा' असा निरोप किनाऱ्याला येतो.

हे वाचताना मला 'वैतरणा' आठवली. त्या नदीच्या जिल्ह्यातच हे सुरू व्हावं, हा योगायोग. समुद्रात गेलेल्या माणसाशी शेवटपर्यंत बोलत राहण्याची सोय लहान बोटींसाठी देशभर करायला १८८८ नंतर एकशे छत्तीस वर्षं लागली. मोठ्या जहाजांना ती केव्हाच मिळाली होती. तंत्रज्ञान नेहमीच आधी मोठ्यांकडे जातं, ह्यात नवल नाही. पण मधल्या काळात लहान बोटीवाल्याला आपण दरवर्षी तेच वाक्य ऐकवत राहिलो, 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' जे आधीच गेलेत त्यांच्यासाठी आपल्याकडे वाक्य नव्हतं.

डबा बसला म्हणजे काम झालं असंही नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला, सत्तरच्या आसपास माणसं गेली. तिथे संपर्क तुटलेला नव्हता. इशारे अनेक दिवस आधीपासून येत होते. तरी बार्ज तिथेच राहिला. निरोप पोचणं आणि निरोपावर हलणं ह्यांच्या मधे कंत्राटं असतात, पगार असतात, एका फेरीचं डिझेल असतं. भाव चढलेला असताना तांडेलाने रिकामी बोट घेऊन परत फिरायचं, म्हणजे त्याच्या खलाशांनी त्या फेरीची कमाई सोडायची. मच्छीमाराला फुकट डबा देणं सोपं आहे. परत फिरल्याचं नुकसान कोण भरणार, हे ठरवणं अवघड आहे, आणि ते कुठल्याच नंबरात बसत नाही.

असो. येत्या दिवाळीत ती चार ओळींची बातमी परत येईल. ढगाळ हवामान, उत्तरेकडून गार वारे, तीन नंबरचा बावटा. तेव्हा छत्रीचा विचार जरूर करा, पण त्या दिवशी सातपाटीच्या किती बोटी बाहेर आहेत आणि त्यातल्या किती बोटींशी बोलता येतंय, हेही कोणीतरी विचारायला हवं. बाहेर गेलेल्यांकडून काहीच ऐकू येत नसेल तर त्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा लावायचा नाही, एवढं त्या जुन्या यादीवाल्यांनी आपल्याला शिकवून ठेवलंय.